सातुर्निना मावशीची हजेरी

मावशीच्या मानेवर गाठ आहे हे मला कळलं तेव्हा ती गाठ अकरा वर्षांची झाली होती. अकरा वर्षं तिने ती शालीखाली झाकली. आणि मी, ला पाझच्या मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये रोज शंभर-दीडशे माणसांचं रक्त तपासणारी तिची भाची, दर रविवारी तिच्या मांडीला मांडी लावून सूप प्यायले आणि मला काही दिसलं नाही. याचा मला आजही राग येतो. स्वतःचा येतो, पण तिचा जास्त येतो.

सातुर्निना लिमाची एकतीस वर्षं ला पाझच्या डोक्यावरच्या पठारावर, एल आल्तोच्या बाजारात चुन्यो विकत होती. गुरुवारी आणि रविवारी, बटाट्याच्या गल्लीच्या तोंडाशी, दोन पोती आणि एक घोंगडी मावेल एवढ्या जागेत. चुन्यो तिच्याच हातचा, किंवा खरं तर पायाचा. जूनमध्ये गावाकडे जायचं, कडाक्याच्या थंडीत बटाटे माळावर पसरायचे, ते दगडासारखे गोठले की सकाळी अनवाणी पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. वीस वर्षं टिकतात. तिचा आवाजही तसाच टिकाऊ होता. "काळा घ्या, पांढरा घ्या, चुन्योऽऽ!" अशी तिने हाक दिली की वरून जाणाऱ्या केबल कारमधली माणसं खाली वाकून बघायची.

मग तो आवाज बसला. घोगरा झाला, पुढे नुसती हवा येऊ लागली. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "थंडी आहे गं." आमच्याकडे, चार हजार मीटरवर, थंडी कधी नसते? त्या जूनमध्ये मी तिच्याबरोबर गावाला गेले. बटाटे तुडवताना ती वाकली आणि शाल घसरली. जबड्याखाली, डाव्या बाजूला, कोंबडीच्या अंड्याएवढा फुगवटा होता.

"मावशी, हे काय आहे?"

"काय म्हणजे? गलगंड आहे. आपल्याकडे सगळ्यांनाच असतो."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"बाबांना होता. थोरल्या काकांना होता. काका तर त्याच्यासकट नव्वदीला टेकले."

"आणि तुझे बाबा? आजोबा कसे गेले?"

"ते गुदमरून गेले. पण ते वेगळं."

वेगळं! मी थंडीत उभी राहून तिच्याकडे बघतच राहिले. तिने तुडवणं थांबवलं नव्हतं.

गलगंडावरचा आमच्याकडचा उपाय म्हणजे समुद्राचं वाळलेलं शेवाळ. ते किनाऱ्याकडून येतं, बाजारात जुड्या करून विकतात. अकरा वर्षं ही बाई दिवसाआड शेवाळाचं सूप पीत होती. मीठ तीनदा बदललं. वस्तीतल्या दवाखान्यातही जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरने लांबूनच बघितलं, गलगंड म्हणाला, आयोडीनचे थेंब लिहून दिले आणि पुढच्या खेपेला सुई घालून बघू म्हणाला. एकाही माणसाने त्या गाठीवर बोट ठेवलं नव्हतं. मी ठेवलं. गाठ धडधडत होती. मी तिला आवंढा गिळायला लावला. गलगंड गिळताना वरखाली होतो, ही जागची हलली नाही. मी काही डॉक्टर नाही, पण एवढं मलाही कळलं की या गाठीत सुई घातली असती तर दवाखान्याला नव्याने रंग द्यावा लागला असता.

तिला इस्पितळात न्यायला सात आठवडे लागले. एकदा बाजार होता, एकदा बारसं होतं, एकदा तिच्या टोपीला ब्रश मारायचा होता. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी रजा टाकून तिच्या दारात जाऊन बसले, तेव्हा कुठे बाई उठल्या.

डॉक्टर आरांदिया आमच्या इस्पितळात मान आणि घशाच्या शस्त्रक्रिया करतात. पन्नाशीच्या, कायम थकलेल्या, पण समजावून सांगण्याचा त्यांना कंटाळा नाही. त्यांनी स्कॅन दिव्यासमोर धरला. डावीकडे मोठी गाठ, उजवीकडे छोटी. मग मावशीला मानाने 'दोन्या' म्हणत त्या समजावू लागल्या.

"दोन्या सातुर्निना, हा गलगंड नाही. मानेत मोठी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथे प्रत्येकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक पहारेकरी असतो. रक्तात हवा कमी झाली की तो ओरडतो, मग आपण जोरात श्वास घेतो. इथे वर राहणाऱ्यांचा पहारेकरी जरा जाडजूडच असतो. पण काही घराण्यांत त्याच्या पेशींची चूल बिघडलेली असते. जळण अर्धवट जळतं, आणि ते अर्धवट जळलेलं साठून राहतं. त्यामुळे पेशीला वाटतं, हवाच नाही. हवा असली तरी तिला तसंच वाटतं. मग ती वाढते, रक्त ओढून घेते, आणखी वाढते."

"म्हणजे माझी मान खोटं बोलते?"

"खोटं नाही. घाबरते."

"पण वर हवा कमी आहेच की. मग ती खरं बोलते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

कापायचं म्हटलं तर गाठीने आवाजाची आणि गिळण्याची नस कवेत घेतली होती. कापली तर आवाज कायमचा जाणार, आणि पुढेमागे उजवीकडचीही गाठ काढावी लागली तर नळीने जेवायचं. नाही कापली तर ती हळूहळू आजोबांच्या वाटेने नेणार. आता एक नवी गोळी आली होती. ती चूल दुरुस्त करत नाही, पण त्या चुलीमुळे उठणारी ओरड बंद करते. ओरड थांबली की गाठ उपाशी पडते. सांता क्रूझच्या एका इस्पितळात काही रुग्णांना ही गोळी देऊन बघत होते.

"मग द्या की इथेच," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"दोन आहेत."

"उगाच भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं तर झोप लागते. पण एल आल्तोत कोणी कुत्र्याचं तोंड बांधून झोपतं का? ही गोळी सगळ्याच भुंकण्याचं तोंड बांधते, खऱ्याचंही. शिवाय अंगातलं रक्त कमी करते. खाली, सांता क्रूझला, हवा भरपूर, चोर नाहीत. तिथे राहून घ्यायची."

कुत्र्याचं मावशीला पटलं. खाली राहण्याचं पटलं नाही, कारण जागा.

बाजारातली जागा विकत घेता येत नाही, ती बसून कमवावी लागते. आमच्या गल्लीच्या संघटनेचा नियम असा की सकाळी सात वाजता सेक्रेटरी वही घेऊन येते, नाव पुकारते, आणि जागेच्या मालकिणीने स्वतः, स्वतःच्या आवाजात, "हजर" म्हणायचं. मुलीने नाही, सुनेने नाही. सलग तीन बाजार हजेरी चुकली की जागा गेली. आजारपणाची सूट एकदाच, चार महिने. नात्यातल्या कोणाच्या नावावर जागा करता येते, पण एकदा केली की ती परत मागता येत नाही. मावशीचा आवाज गेल्यापासून ती हजेरीला डब्यावर दगड आपटत होती, आणि त्यावरूनही दोन बैठकांमध्ये भांडणं झाली होती.

"माझ्या नावावर कर," मी म्हणाले. "बरी होऊन ये, तुझी तू बस, मला काय करायचीय?"

"नावावर करणं हे मरणाऱ्या माणसाचं काम."

"तू मरतेच आहेस!"

"हळू बोल. बाजूची ऐकते."

सांगून सांगून मी थकले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अखेर सेक्रेटरी दोन्या बासिलियाकडून चार महिन्यांची सूट घेतली आणि मार्चमध्ये मावशी खाली गेली, सांता क्रूझला, ट्रक चालवणाऱ्या तिच्या मुलाकडे, ग्रोव्हरकडे.

मग फोन सुरू झाले. इथे उकडतं. इथे डास आहेत. इथली माणसं उठता बसता कंद उकडून खातात, त्याला ना चव ना ढव. हवा एवढी जाड आहे की चावून गिळावी लागते. सून बरी आहे, पण चुन्योला वास येतो म्हणते, असल्या माणसाशी काय बोलायचं? सुरुवातीला हे सगळं ती कुजबुजत सांगायची. जूनमध्ये एके दुपारी फोन उचलला आणि मला तो कानापासून लांब धरावा लागला. "निल्दाऽऽ! ऐकू येतंय का? सुनेने माझी टोपी धुतली गंऽऽ!"

मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. एक तृतीयांश गाठ उतरली होती. आवाज परत आला होता.

आता या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. तिला तो त्याच दिवशी सुचला. "इथे ओरडायचं कोणावर?" ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

जुलैच्या मध्यात सूट संपणार होती. मी बासिलियाकडे आणखी दोन महिने मागायला गेले. जाडजूड बाई, गळ्यात शिट्टी, काखेत वही.

"नियम म्हणजे नियम, निल्दा. मी बाळंत होऊन चौथ्या दिवशी हजेरी दिली होती. पोर टोपलीत होतं."

"तिला वर आणलं तर ती मरेल."

"मग नावावर करून घे. मी काय वाईट आहे का? नियमात वाट आहे, तुम्हीच चालत नाही."

मी मावशीला फोन केला. नावावर कर म्हणाले. पहिल्यांदाच तिने वाद घातला नाही. मग ती म्हणाली, "बघते." मला वाटलं, पटलं. तिला ओळखत नसल्यासारखी मी त्या रात्री शांत झोपले.

गुरुवारी कामावर जाण्याआधी मी पुन्हा एकदा बासिलियाच्या हातापाया पडायला बाजारात गेले. सातला पाच कमी होते. बटाट्याच्या गल्लीच्या तोंडाशी, आपल्या जागेवर, घागऱ्याचा घेर पसरून, टोपी तिरकी घालून मावशी बसली होती. समोर दोन पोती. ग्रोव्हरला न सांगता बसमध्ये बसून ती चढून आली होती. ओठ जांभळे झाले होते.

"मावशी! तू इथे काय करतेस?"

"बसलेय. दिसत नाही?"

"गोळी चालू असताना?"

"आज घेतलीच नाही. मी काय वेडी आहे? कुत्रा सोडलाय मी."

"एका दिवसाने काही होत नाही! ऊठ, आत्ता ऊठ!"

"हजेरी झाल्यावर."

"अगं तुला धाप लागलीय!"

"मी इथे जन्मलेय. माझ्याशी हवेच्या गोष्टी करू नकोस."

तिने कोकाची पानं गालात सारली आणि मान दुसरीकडे वळवली. मी तिचा दंड धरून ओढत होते, ती घोंगडीला घट्ट धरून होती, आजूबाजूच्या बायका मलाच बोलत होत्या, म्हाताऱ्या बाईला असं ओढतात का म्हणून. तेवढ्यात शिट्टी वाजली. बासिलिया वही उघडून वाचू लागली. एकेक नाव, एकेक "हजर". मग तिने वर बघितलं, जरा थांबली आणि पुकारलं, "सातुर्निना लिमाची!"

"हजऽऽर!"

काय तो आवाज! गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला जुने बूट विकणारा माणूस उभा राहिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने माझ्याकडे बघितलं, अगदी तोऱ्यात, आणि तशीच आडवी होऊन चुन्योच्या पोत्यावर पडली.

माझ्या पिशवीतला मापाचा चिमटा तिच्या बोटाला लावला तेव्हा ऑक्सिजन अठ्ठावन्न होता. आमच्याकडे अठ्ठ्याऐंशी म्हणजे ठणठणीत. बासिलियाने शिट्टी फुंकत, शिव्या घालत गल्ली मोकळी केली, आणि चार बायकांनी मावशीला घोंगडीत घालून मिनीबसमध्ये चढवलं. इस्पितळात तिचं रक्त मी स्वतः तपासलं. हिमोग्लोबिन नऊ. खाली या आकड्यावर माणूस जरा दमतो. इथे वर, पहारेकऱ्याचं तोंड बांधलेलं असताना, नऊ म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. विश्वास बसेना म्हणून मी आकडा दोनदा काढला.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा.

"चक्कर आली," ती म्हणाली. "पोटात काही नव्हतं."

"सोरोचे झाला तुला, विरळ हवेचा आजार."

तिने मुखवटाच काढला. "तोंड सांभाळ. सोरोचे परदेशी लोकांना होतो. विमानातून उतरतात आणि ओकतात, त्यांना. आणि त्या खालच्यांना."

"तुला झाला. लिहिलंय तुझ्या कागदावर."

"खोड ते."

मरता मरता वाचली त्याचं काही नाही, अब्रू गेली याचं दुःख! मग मात्र माझा तोल गेला. अख्ख्या वॉर्डासमोर मी तिला वाट्टेल ते बोलले. अकरा वर्षांचं शेवाळ काढलं, टोपी काढली, बस काढली. म्हणाले, "आजोबा गुदमरले तेव्हा कोणाला काही माहीत नव्हतं. तुला सगळं माहीत आहे. तरी तू दोन हात जागेसाठी जीव द्यायला येतेस. आणि मी काय करू? मी कोणाला मावशी म्हणू?" नर्सने मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आरांदियांनी तिला दोनच वाटा सांगितल्या. वर राहायचं तर गोळी बंद. गाठ पुन्हा वाढेल, आधी आवाज जाईल, मग घास. गोळी हवी तर खाली, आणि आता चार महिने नाही, कायमचं. मावशीने एकच प्रश्न विचारला.

"खाली आवाज राहील?"

"गोळी चालते आहे तोवर राहील असं वाटतं. वर नक्की जाईल."

"म्हणजे जिथे ओरडायचं तिथे आवाज नाही, आणि आवाज आहे तिथे ओरडायला कोणी नाही."

दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बासिलियाला बोलाव. वही घेऊन ये म्हणावं."

बासिलिया आली. शाई, वही, आणि चिकनचं सूप घेऊन. मावशीने आधी विचारलं, "गुरुवारची हजेरी लावलीस?"

"लावली. पडायच्या आधी बोललीस, म्हणून लावली."

"बरं."

"हिला बाजार येतो का?" बासिलियाने माझ्याकडे हनुवटी उडवली.

"काही येत नाही. हाक मारता येत नाही, चुन्योतला काळा-पांढरा सोडून काही कळत नाही. पण रागीट आहे. तेवढं पुरे."

मला जागा नको होती. मला नोकरी आहे, मला पहाटे उठायचा तिटकारा आहे, चुन्यो तर मला आवडतही नाही. मी तोंड उघडलं तेव्हा मावशी अंगठा शाईत बुडवत होती. वहीवर टेकवायच्या आधी तिने तो जरा वेळ नुसता धरून ठेवला. मी तोंड मिटलं.

पुढच्या आठवड्यात ऑक्सिजनच्या नळकांड्यासह, विमानाने, ग्रोव्हर तिला घेऊन गेला. खिडकीतून बटाट्याची गल्ली दिसली नाही म्हणून तिने उतरल्या उतरल्या फोनवर विमानवाल्यांना शिव्या घातल्या.

जुलैचा शेवटचा रविवार. मी लॅबची पाळी बदलून घेतली होती. सातला दहा कमी असताना मी दोन पोत्यांमागे बसले, एप्रनच्या खिशात फोन चालू. तिला हजेरी ऐकायची होती. सहा वाजल्यापासून खिशातून सूचना येत होत्या: पोतं डावीकडे घे, पांढरा पुढे मांड, पाय आखडून बस, घागरा नाही म्हणून तुला जागा कमी पडणार. मी दोनदा म्हणाले, मावशी, गप्प बस. शिट्टी वाजल्यावर ती खरंच गप्प बसली.

नावं पुढे सरकत आली. बटाटेवाली, तिच्या शेजारची, मग जिथे एकतीस वर्षं एकच नाव होतं तिथे बासिलिया थांबली. वहीत बघितलं. घसा खाकरला.

"निल्दा पोमा!"

एका शब्दाचं काम. वर्षभर मी या बाईवर ओरडले होते, दारात, जिन्यात, वॉर्डात, अख्ख्या दुनियेसमोर. आता तोंड उघडलं तर आवाज फुटेना. सगळ्या गल्लीने माझ्याकडे बघितलं. बासिलियाने पेन्सिल उचलली.

"निल्दा पोमा! दुसऱ्यांदा!"

तेवढ्यात माझ्या खिशातून, सांता क्रूझहून, बूट विकणाऱ्यालाही ऐकू जाईल असा आवाज आला. "अगं बोल की मेले! जागा जाईल ना!"

गल्ली हसली. बासिलियाही हसली, पण पेन्सिल तशीच धरून राहिली. फोनमधला आवाज चालत नाही, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं.

"हजर," मी म्हणाले.

"मोठ्याने," खिसा म्हणाला.

मी मोठ्याने म्हणाले.